फरशीच्या दरजा आणि पाण्याची वाट

आपल्या घरांतील न्हाणीघराची किंवा स्वयंपाकघराची फरशी जेव्हां नवी होती, तेव्हां दोन लाद्यांमधील रेघ पांढरीशुभ्र असे. आज तीच रेघ मोरीजवळ काळी, ओट्याजवळ पिवळट आणि दारापाशीं मातकट झालेली दिसते. लाद्या मात्र जशाच्या तशाच आहेत. एकाच घरांत, एकाच हातानें, एकाच पाण्यानें रोज पुसल्या जाणाऱ्या दोन वस्तूंपैकीं एक स्वच्छ राहावी व दुसरी मळावी, यास कांहीं कारण असलें पाहिजे. तें कारण काय, आणि हल्लीं शहरांतून जे व्यावसायिक लोक ‘तुमची फरशी सील करून देतों’ असें म्हणून येतात ते नेमकें काय करतात, त्यापासून कोणता लाभ होतो व कोणता होत नाहीं, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे. विषय दिसावयास क्षुद्र आहे खरा. परंतु रसायन, पदार्थविज्ञान व अंकगणित या तीन तासांना शिकलेलें ज्ञान एकत्र कोठें उपयोगास येतें असें कोणीं विचारल्यास आम्ही त्यास न्हाणीघराच्या फरशीवर नेऊन बसवूं. शिवाय यांत पालकांच्या पैशाचा प्रश्न आहे, आणि, पुढें सांगण्यांत येईल त्याप्रमाणें, प्रसंगीं जिवाचाही आहे.

दोन लाद्यांमधील फटीस गवंडी ‘दरज’ म्हणतात, व ती भरण्याच्या मसाल्यास आतां सर्वत्र ‘ग्राउट’ हा शब्द रूढ झाला आहे. आपल्या आज्या-पणज्यांच्या घरांत हा प्रश्नच नव्हता, कारण शेणानें सारवलेल्या जमिनीस दरज नसते, आणि चुन्याच्या कोब्यासही नसते. शहाबादी फरशी आली आणि तिच्याबरोबर सांधे आले. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील मिंटन यांच्या कारखान्याच्या भाजलेल्या नक्षीदार लाद्या जहाजानें मुंबईस येऊं लागल्या. कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्यें त्या अजून पाहावयास मिळतात. पुढें १९२२ सालीं फिरोजशा व रुस्तम सिधवा या पारशी गृहस्थांनीं मुंबईच्या बाजूस सिमेंटच्या रंगीत लाद्या देशी कारखान्यांत तयार करण्यास आरंभ केला, आणि जुन्या चाळींच्या व बंगल्यांच्या फरशांवर जीं फुलें व चौकटी दिसतात त्यांपैकीं पुष्कळ याच जातीच्या लाद्यांची होत. आज बहुतेक घरांत लागते ती लादी गुजराथेंतील मोरबी येथें भाजलेली असते. घडणीप्रमाणें या सर्वांचा स्वभाव निराळा. सिमेंटची लादी भाजलेली नसून दाबाखालीं ठासून व पाण्यांत मुरवून केलेली असते, म्हणून ती पाणी पिते. भाजलेल्या व वर कांचेचा मुलामा दिलेल्या लादीचा चेहरा मात्र पाण्यास अजिबात दाद देत नाहीं.

लादी पाणी किती पिते हें मोजण्याची पद्धत अगदीं सोपी आहे, आणि ज्याच्या घरीं वजनाचा कांटा आहे अशा कोणाही विद्यार्थ्यास ती करून पाहतां येईल. घर बांधून उरलेला लादीचा एक तुकडा घ्यावा. तो दोन दिवस कडक उन्हांत ठेवून पुरता सुकवावा व वजन करावें. मग एक दिवस व एक रात्र पाण्यांत बुडवून ठेवावा, बाहेर काढून वरचें पाणी ओलसर फडक्यानें टिपावें आणि पुन्हां वजन करावें. समजा, सुका तुकडा ५०० ग्रॅम भरला व भिजलेला ५६० ग्रॅम. तर त्यानें ६० ग्रॅम पाणी प्यालें, म्हणजे शेंकडा १२. आंतरराष्ट्रीय मानकांत भाजलेल्या दाबीव लाद्यांचे वर्ग याच आंकड्यावरून पाडलेले आहेत. शेंकडा अर्ध्याहून अधिक पाणी जी पीत नाहीं ती सर्वांत घट्ट, जिला बाजारांत ‘व्हिट्रिफाइड’ म्हणतात. आणि शेंकडा १० हून अधिक जी पिते ती भिंतीच्या कामाची. अर्थात् प्रयोगशाळेंत हें काम उकळत्या पाण्यानें किंवा निर्वात पात्रांत अधिक कांटेकोरपणें होतें, व आपल्या बादलींतील आंकडा त्याहून थोडा कमी भरेल. तरी कोणती लादी तहानलेली व कोणती तृप्त हें कळण्यास तो पुरे.

आतां लादी तृप्त असली तरी तिच्या चारी बाजूंची दरज तशी नसते. दरज भरण्याचा नेहमींचा मसाला म्हणजे सिमेंट, बारीक वाळू किंवा संगमरवरी भुकटी, रंग आणि पाणी. लीड्स येथील जोसेफ ॲस्पडिन नांवाच्या विटकाम करणाऱ्या गवंड्यानें १८२४ सालीं ज्या पोर्टलंड सिमेंटचें पेटंट घेतलें, त्याचेंच हें सुधारलेलें अपत्य. सिमेंट ‘सुकतें’ असें आपण म्हणतों, पण तें खरें नाहीं. तें पाण्याशीं संयोग पावून दगडासारखें होतें. या संयोगास सिमेंटच्या वजनाच्या सुमारें एक चतुर्थांश पाणी लागतें. परंतु इतक्याच पाण्यांत मसाला इतका कोरडा होतो कीं तो फटींत शिरत नाहीं, म्हणून गवंडी त्याहून अधिक पाणी घालतो. हें जास्तीचें पाणी पुढें उडून जातें आणि ज्या जागा तें सोडून जातें, त्या बारीक छिद्रांच्या व नळ्यांच्या रूपानें दरजेंत कायम राहतात. ज्यानें मसाला ताकासारखा पातळ केला त्याच्या दरजा ठिसूळ व भुकटीसारख्या होतात, त्या बोटानें घांसल्या तरी पूड सुटते. आमच्या मतें घर बांधणाऱ्या गृहस्थानें संगमरवराच्या रंगावर जितका वेळ वादविवाद केला, त्याच्या दशांश वेळ गवंड्याच्या घमेल्यांतील पाण्याकडे पाहिलें असतें, तर फरशी सील करणाऱ्यांचें निम्में काम कमी झालें असतें.

या बारीक नळ्यांतून पाणी खालींच जातें असें नाहीं. तें आडवें जातें व वरही चढतें. यास केशाकर्षण म्हणतात. दिव्याच्या वातींत तेल चढतें तें याच शक्तीनें. एक मिलिमीटर व्यासाच्या स्वच्छ कांचेच्या नळींत पाणी सुमारें ३ सेंटिमीटर चढतें. नळीचा व्यास दहापट कमी केला तर पाणी दहापट, म्हणजे ३० सेंटिमीटर चढतें. दरजेंतील नळ्या यापेक्षांही कितीतरी बारीक असतात. म्हणून हळदीचें पाणी, चहा, साबणाचा मळ किंवा चिखल फरशीवर सांडला कीं लादीवरून तो पुसला जातो, पण दरजेंत शोषला जातो. पाणी उडून जातें व मळ आंत बसतो. दुसऱ्या दिवशीं पुन्हां तेंच. बुरशीला तर ओलावा, साबणाचा थर व अंधार एवढें मिळालें कीं आणखी कशाचीच गरज नसते. मोरीजवळची काळी रेघ ही बहुधा तिचीच वसाहत होय.

पाण्यास ही वाट बंद कशी करावयाची? याचें उत्तर आपल्या परसांतच उगवलेलें आहे. अळवाच्या पानावर पाणी ओता. तें पसरत नाहीं, मोत्यासारखें गोळा होऊन गडगडत जातें. ‘अळवावरचें पाणी’ ही म्हण त्यावरूनच पडली. पानावर मेणाचा अतिशय पातळ थर व सूक्ष्म उंचवटे असतात, आणि पाण्याच्या कणांना मेणापेक्षां एकमेकांचीच संगत अधिक प्रिय असल्यामुळें थेंब आपलें अंग आंखडून घेतो. थेंबाची कड पृष्ठभागाशीं जो कोन करते तो काटकोनाहून लहान असेल तर पाणी बारीक नळींत ओढलें जातें. मोठा असेल तर तीच नळी पाण्यास बाहेर ढकलते. नळी तीच, तिची तोंडें उघडीं तशींच. केवळ तिच्या भिंतीचा स्वभाव पालटला कीं शोषणाचें प्रतिकारांत रूपांतर होतें. हें तत्त्व ध्यानांत आलें म्हणजे सीलर काय करतो हें निम्में समजलें.

ज्यांस ‘आंत मुरणारे’ सीलर म्हणतात त्यांतील मुख्य द्रव्यें सिलेन व सिलोक्सेन या जातीचीं असतात. यांच्या कणाचें एक टोंक दरजेंतील वाळू व सिमेंट यांच्या सिलिकायुक्त भिंतीस रासायनिक बंधानें चिकटतें आणि दुसरें टोंक, जें तेलाच्या कुळांतलें असतें, तें छिद्राच्या पोकळीकडे तोंड करून राहतें. छिद्र बुजत नाहीं, पण त्याच्या भिंतीस जणूं अळवाच्या पानाचें अस्तर लागतें. द्रवरूप पाणी आंत शिरत नाहीं, आणि फरशीखालची ओल मात्र वाफेच्या रूपानें बाहेर पडूं शकते. हा याचा मोठा गुण. कांहीं सीलरांत फ्लोरीनचीं संयुगें असतात, व तीं पाण्याप्रमाणें तेलासही अडवितात. स्वयंपाकघरास ती सोय मोठी, पण या संयुगांपैकीं पुष्कळ निसर्गांत फार दीर्घ काळ नष्ट होत नाहींत, म्हणून कित्येक देशांत त्यांवर निर्बंध येत आहेत. दुसरी जात ‘वर थर देणाऱ्या’ सीलरांची. हे ॲक्रिलिक किंवा युरेथेन जातीचे असून लाकडावरील व्हार्निशाप्रमाणें चकचकीत पापुद्रा तयार करतात. जुन्या सिमेंटच्या लाद्यांचा रंग यानें खुलतो, पण तो थर चालण्यानें झिजतो, ओरखडतो, आणि खालून ओल येत असेल तर पांढुरका होऊन सुटूं लागतो. न्हाणीघरांत तो ओला झाल्यावर निसरडाही होतो. घरांत वृद्ध माणसें असतील तर आम्ही त्याची शिफारस करणार नाहीं.

येथें थोडें अंकगणित करूं. दहा फूट लांब व दहा फूट रुंद अशी खोली घ्या, तींत एक फुटाच्या लाद्या बसविल्या आहेत व दरजा ३ मिलिमीटर रुंदीच्या आहेत. भिंतीकडेच्या सोडून उभ्या दरजा ९ व आडव्या ९, प्रत्येक १० फूट. म्हणजे एकंदर लांबी १८० फूट, सुमारें ५५ मीटर. यास ३ मिलिमीटरनीं गुणिलें असतां क्षेत्रफळ सुमारें पावणेदोन चौरस फूट येतें. १०० चौरस फुटांच्या फरशींत पाणी पिणारा भाग एवढाच! लाद्या मुलामा दिलेल्या असतील तर त्यांच्या पृष्ठावर सीलर लावण्याचा उपयोग शून्य, कारण तो आंत शिरणारच नाहीं, उलट वर चिकट डाग ठेवील. तेव्हां कोणी कारागीर मुलाम्याच्या लाद्यांची सबंध १०० चौरस फूट फरशी ‘सील’ करण्याचा हिशेब सांगूं लागला, तर काम दरजांचेंच असून दर कशाचा हें त्यास नम्रपणें विचारावें. अर्थात् दरजा साफ करण्याची मेहनत मोठी असते, व तिचें मोल दिलेंच पाहिजे. तक्रार मोल देण्याविषयीं नसून नसलेल्या कामाचें मोल देण्याविषयीं आहे. झिलई केलेल्या व्हिट्रिफाइड लाद्यांचा अपवाद येथें सांगितला पाहिजे: घांसून चमक आणतांना त्यांचीं सूक्ष्म छिद्रें उघडीं पडतात व त्यांवर शाईसारखे डाग बसूं शकतात, म्हणून त्यांस बहुधा कारखान्यांतच सीलर लावून पाठवितात.

चांगला व्यावसायिक हें काम कसें करतो तें आतां पाहूं. प्रथम तो कांहींच करीत नाहीं. गुडघे टेकून पाहतो. दरज कशाची आहे? ती जर इपॉक्सीची, म्हणजे राळ व तिला घट्ट करणारा द्रव असे दोन भाग मिसळून भरलेली असेल, तर ती मुळांतच पाणी पीत नाहीं, आणि सीलरचें काम तेथेंच संपतें. सिमेंटची असेल तर तो चार-पांच ठिकाणीं पाण्याचे थेंब टाकतो. थेंब एक-दोन मिनिटांत शोषला जाऊन दरज गर्द झाली तर ती उघडी आहे. थेंब तसाच राहिला तर जुना सीलर अजून जिवंत आहे. मग भेगा, पोकळ वाजणाऱ्या लाद्या व सुटलेल्या कडा यांवर तो खूण करतो. ज्या दरजा पार गेल्या आहेत त्या खरवडून नव्या भराव्या लागतात. हें खरवडणें यंत्रानें कोरडें केलें तर सिलिकाची अतिशय बारीक धूळ उडते, आणि ती वर्षानुवर्षें फुप्फुसांत गेल्यास सिलिकोसिस नांवाचा असाध्य रोग होतो. म्हणून पाणी मारून किंवा धूळ ओढणारें यंत्र लावून व नाकातोंडावर योग्य मुखवटा बांधूनच तें करावें. आपल्या घरीं काम करणाऱ्या माणसानें साधा रुमाल बांधला असेल, तर तो त्याच्या कामाचा नाहीं हें त्यास सांगणें यजमानाचेंही काम आहे.

त्यानंतर सफाई, व खरें कष्टाचें काम हेंच. तेलकट मळ व साबणाचा थर यांवर सौम्य अल्कधर्मी द्रव ओतून दहा-पंधरा मिनिटें मुरूं देतात, मग नायलॉनच्या ताठ ब्रशनें दरजेच्या बाजूनें घांसतात, आणि मळकें पाणी पुन्हां दरजेंत शोषलें जाण्यापूर्वीं यंत्रानें ओढून किंवा स्पंजानें उचलून घेतात. येथें घाई करणारे लोक मळ एका जागेहून दुसऱ्या जागीं नेतात. मग स्वच्छ पाण्यानें दोन-तीनदां धुणें, आणि नंतर वाट पाहणें. दरज पूर्ण कोरडी झाल्यावांचून सीलर लावणें म्हणजे भरलेल्या घागरींत पाणी ओतणें होय. ज्या छिद्रांत पाणी आहे त्यांत दुसरें कांहीं कसें शिरणार? कमींत कमी एक दिवस पंखा लावून सुकूं द्यावें लागतें. आमच्या कोंकणांत आषाढ-श्रावणांत कपडेही सुकत नाहींत, तेथें दरज काय सुकणार. तेव्हां हें काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेंत काढावें हें उत्तम. नव्यानें भरलेल्या दरजांस तर सिमेंट पुरतें मुरण्यासाठीं त्या मसाल्याच्या पिशवीवर लिहिलेला अवधि द्यावाच लागतो. तीन-चार आठवडे थांबल्यानें कोणाचें बिघडत नाहीं.

लावण्याची क्रिया मात्र शांतपणाची असते. अरुंद ब्रश किंवा लहान चाक घेऊन दरजेवर सीलर सोडतात, पांच-दहा मिनिटें मुरूं देतात, आणि लाद्यांवर उतरलेला जास्तीचा भाग सुकण्यापूर्वीं मऊ कापडानें पुसून काढतात; राहून गेल्यास लादीवर धुरकट पट्टे उमटतात व ते काढतांना पुरेवाट होते. दरजेनें पहिला हात लगेच पिऊन टाकला तर दुसरा देतात. सीलर उडून जाणाऱ्या द्रावकाचा असेल तर त्याची वाफ पेट घेणारी असते. अशा वेळीं गॅस, समई, उदबत्ती सर्व बंद असलें पाहिजे, खिडक्या उघड्या व मुलें दुसऱ्या खोलींत. पाण्याच्या आधारावर केलेले सीलर घराच्या आंत वापरण्यास अधिक बरे. पुढें एक दिवस फरशी ओली होऊं द्यावयाची नाहीं, म्हणून ज्या घरांत एकच न्हाणीघर आहे तेथें शेजाऱ्यांशीं आधीं बोलून ठेवलेलें बरें.

आतां ज्या धोक्याचा आरंभीं उल्लेख केला त्याकडे वळूं. आपल्याकडे काळी पडलेली मोरी साफ करण्याचा सर्वांत प्रचलित उपाय म्हणजे दुकानांत बाटलींत मिळणारें ‘ॲसिड’, म्हणजे हायड्रोक्लोरिक अम्ल. तें ओततांच फेंस येतो, आणि फेंस आला म्हणजे मळ निघाला असें बघणारास वाटतें. वस्तुतः तो फेंस मळाचा नसून दरजेचा असतो! सिमेंटमधील चुना व त्याचें कार्बोनेट अम्लांत विरघळून कार्बनी वायूचे बुडबुडे निघतात. दरज पांढरी दिसते कारण तिची वरची साल गेलेली असते. प्रत्येक वेळीं ती अधिक खोल, अधिक खडबडीत व अधिक तहानलेली होत जाते, म्हणजे पुढच्या वेळीं अधिक लवकर काळी होते. शहाबादी व कोटा या फरशा मुळांत चुनखडीच्याच असल्यामुळें त्यांवर तर अम्लाचा थेंबही पडूं देऊं नये. संगमरवरी ओट्यावर लिंबू चिरल्यानें जो निस्तेज वण पडतो तो याच जातीचा. येथें हेंही सांगितलें पाहिजे कीं सीलर डाग अडवितो, वण अडवीत नाहीं, कारण अम्ल दगडाचा पृष्ठच खातें.

पण दरज गेली तर पैसे जातील. याहून मोठें भय निराळें आहे. अम्लानें काम भागलें नाहीं म्हणून त्यावरच विरंजक चूर्ण, म्हणजे ब्लीचिंग पावडर, किंवा कपडे पांढरे करण्याचा द्रव ओतण्याची बुद्धि कित्येकांस होते. दोन औषधें एकत्र केलीं कीं गुण दुप्पट, असा हा हिशेब. हीं दोन द्रव्यें एकत्र येतांच क्लोरीन वायु सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजीं बेल्जममधील ईप्र येथें जर्मन सैन्यानें खंदकांवर जो हिरवट-पिवळा वायु सोडला तो हाच. तो हवेहून सुमारें अडीचपट जड असतो, म्हणून लहानशा न्हाणीघरांत तो वर न जातां जमिनीलगत सांचतो, आणि दरजा घांसणारी व्यक्ति नेमकी तेथेंच, खालीं वांकून, दार लोटून बसलेली असते. डोळ्यांतून पाणी, घशांत आग, छातींत कळ. अशी लक्षणें जाणवतांच कांहीं एक आवरीत न बसतां त्या क्षणीं बाहेर मोकळ्या हवेंत यावें, दारें-खिडक्या बाहेरच्या बाहेर उघडाव्या व वैद्यकीय मदत घ्यावी, कारण फुप्फुसांस झालेली इजा कधीं कधीं कांहीं तासांनंतर प्रकट होते. आंत पडलेल्या माणसास काढावयास दुसऱ्यानें श्वास न घेतां धांवणें हेंही धोक्याचें आहे. आधीं हवा खेळती करावी व मदतीस हांक मारावी. अमोनियायुक्त द्रव व विरंजक यांचा संयोगही असाच विषारी. बुरशी घालविण्यास सौम्य केलेला विरंजक एकटा वापरतां येतो, पण एकटाच, आणि भरपूर पाण्यानें धुऊन काढल्यावर. ज्यांच्या घरीं कामास बाई येतात त्यांनीं या बाटल्या त्यांच्या हातीं देण्यापूर्वीं ही गोष्ट त्यांस समजावून सांगावी. बाटलीवरचीं अक्षरें बारीक असतात, व तीं वाचावयाची सवड कामाच्या घाईंत कोणास असते?

सीलर काय करीत नाहीं तेंही स्पष्ट असावें, कारण याच ठिकाणीं पालकांची सर्वांत मोठी फसगत होते. वरच्या मजल्यावरील न्हाणीघरांतून खालच्या बिऱ्हाडाच्या छतावर ओल उतरूं लागली, पोपडे सुटले, आणि दोन शेजाऱ्यांत बोलणें बंद झालें, अशीं उदाहरणें प्रत्येक इमारतींत आहेत. मग कोणी सांगतो, दरजा सील करा, गळती थांबेल. कधीं कधीं ती थोडे दिवस थांबतेही. पण पाणी अडविण्याचें काम दरजेचें नव्हेच; तें लादीखालीं दिलेल्या जलरोधक थराचें, व नळांच्या जोडांचें. सीलरनें अस्तर दिलेलीं छिद्रें बारीक असतात म्हणूनच तीं पाण्यास अडवितात. एक मिलिमीटर रुंदीची भेग असेल तर सीलर लावूनही तिच्यावर अर्धा-एक सेंटिमीटर पाणी सांचलें कीं तें स्वतःच्या भारानें खालीं उतरतें, आणि आंघोळीच्या वेळीं मोरीजवळ तेवढें पाणी सांचणें ही रोजची गोष्ट आहे. भिंत व जमीन जेथें मिळतात त्या कोपऱ्यांत तर सिमेंटची दरज टिकतच नाहीं, कारण दोन्ही बाजू ऊन-थंडीनें निरनिराळ्या हालतात. तेथें रबरासारखा ताणला जाणारा सिलिकोनचा सांधाच पाहिजे. गळतीचा संशय असेल तर आधीं मोरीचें तोंड बुजवून, फरशीवर दोन-तीन सेंटिमीटर पाणी एक दिवस उभें ठेवून खालीं ओल वाढते काय तें पाहावें. आणि नळ बंद असतांना व चालू असतांना अशी निराळी परीक्षा करावी. पाणी फरशींतून जातें कीं नळांतून हें ठरल्यावांचून कोणत्याही कारागिरास पैसे देऊं नयेत. भिंतींतून पांढरा लोणा फुलत असेल तर आंत ओल आहे असें समजावें. त्यावर सीलरचा पापुद्रा चढविला तर लोणा त्याच्या मागें सांचून लादीचा पृष्ठच फोडतो.

सीलर किती दिवस टिकतो याचें एकच उत्तर नाहीं. जाहिरातींत मोठे आंकडे असतात. रोज ओल्या होणाऱ्या न्हाणीघरांत एक ते तीन वर्षांनीं पुन्हां हात द्यावा लागतो असें धरून चालावें, आणि बैठकीच्या खोलींत त्याहून अधिक काळ जातो. तोंवर फरशी सौम्य साबणाच्या पाण्यानेंच पुसावी, कारण तीव्र अल्क व अम्ल दोन्ही त्या अस्तरास खातात. काम पुरें झालें म्हणजे कारागिरास निरोप देण्यापूर्वीं त्याच्याच समक्ष, दुसऱ्या दिवशीं, दहा-बारा ठिकाणीं थेंब टाकून पाहावें. आणि मग वर्षांतून दोनदां, सुटींत, हें काम घरांतील एखाद्या मुलाकडे सोंपवावें. त्यानें वहींत फरशीचा नकाशा काढावा, थेंब किती मिनिटें उभा राहिला तें त्या त्या चौकोनांत लिहावें, व मागील आंकड्याशीं ताडून पाहावें. ज्या चौकोनांत थेंब पसरून दरज काळवंडूं लागली तेवढ्याच जागीं नवा हात द्यावा. असा पहिला चौकोन बहुधा मोरीच्या तोंडाशीं किंवा आंघोळीच्या बादलीखालीं निघतो.